करंगळी

सहावं बोट खोडायचे सातशे पेसो मिळतात.
दातांची जादा रांग असेल तर दर वेगळा,
आणि दोन माणसं खांद्यात मिसळली असतील
तर आधी विचारून घ्यायचं.

वीस वर्षं मी शाळेच्या पुस्तकांत माणसं काढली:
पाववाले, नर्सा, कोळी, रस्ता ओलांडणारी जुळी.
आता चित्रं आयती येतात.
रात्रीला दीडशे. नाव नाही, नुसता आकडा.
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
स्टोव्हला पाय लावून मी बोटं मोजते,
पहिलीतल्या पोरासारखी, ओठ हलवत.

मंगळवारी चारशे अकरा नंबर आला.
बेकरीतली बाई, पिठात माखलेला हात,
बोटं पाच, बरोबर पाच,
आणि डाव्या करंगळीचं शेवटचं पेर
बाहेर वळलेलं.

एलिसेओ, ही तर तुझी.

गोदीत दोर आवळला तेव्हा तू अठराचा होतास.
हाड वाकडं जुळलं.
डॉक्टर म्हणाला, पुन्हा मोडून सरळ करू.
तू म्हणालास, एकदा पुरे.
मॉडेलला द्यायला माझ्याकडे पैसे कधीच नव्हते,
म्हणून पाववाला तू, नर्स तू, आजीबाईही तूच,
टेबलावर डावा हात ठेवून
एका हाताने संत्रं सोलता येत नाही म्हणून कुरकुरणारा.
संपादकबाईंनी विचारलं होतं,
तुमच्या पुस्तकात सगळ्या गावाला एकच आजार आहे का?
तू खो खो हसलास.
सांग त्यांना, हाताची पाचही बोटं सारखी नसतात.

चारशे तीस, कोळी. तीच करंगळी.
चारशे बावन्न, झेंड्याला हात लावणारा कुणी मंत्री.
त्यालाही तीच.

मला कुणी विचारलं नाही. तू तोवर गेला होतास.
कुठल्याच कागदावर आपला अंगठा नाही.
बोट दाखवायचं तर कुणाकडे?
गिळणाऱ्याला तोंड नाही,
भरवणाऱ्याचा पत्ता नाही,
आणि मागून पुसून घेणारीला मजुरी मिळते. ती मी.

तसं मीही उचललेलंच आहे.
बेलार्मीनो सरांचं बोट धरून शिकले,
वर्षभर त्यांच्या घोड्यांच्या माना चोरल्या.
पण ते ओळखायचे.
डोक्यावर पेन्सिल टकटक करून म्हणायचे,
पोरी, माझी मान परत दे, तुझी आण.
आणली मी. फार उशिरा,
त्यांना दवाखान्यात नेऊन दाखवली.
त्यांनी चष्मा मागितला.

गुरुवारी कंपनीचा निरोप आला:
डावी करंगळी, वारंवार दिसणारा दोष. सरळ करणे.
दर नेहमीचा.

भाडं पाच तारखेला असतं.
मी तुझं बोट एकशे बारा वेळा मोडलं.

पहाटे यंत्र बंद केलं, कोरा कागद घेतला,
म्हटलं, एकदा नीट, तुझंच, आठवणीतून.
काढलं. पाहिलं.
आणि कळेना, हे तुझं आहे
की चारशे अकराचं.
जुना डबा उघडून सगळे फोटो पलंगावर पसरले.
लग्नातला, गोदीतला, येसेनियाला कडेवर घेतलेला.

प्रत्येक फोटोत तू
तो हात लपवलेला आहेस.