तांब्याचे दात

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
शीपस्कॉट नदी सुकतीला लागते
आणि विस्कॅसेटच्या पुलाखालचा चिखल उघडा पडतो,
करडा, लकाकता, कुजक्या अंड्याच्या वासाचा.
व्हर्ना पिंकहॅम कमरेत वाकते ती वाकलेलीच,
हातात आखूड दांड्याचं, लांब दातांचं खोरं.
मागून मी, वही घेऊन,
सरकारी पगारावर किडे मोजणारी,
गुडघ्याएवढी रुतलेली.

"पाय ओढू नकोस. सोडव."
चिखलात घाई केली की
माणूस पुढे जातो, बूट मागे राहतो.

ढेकूळ उलटतं. आत गुलाबी दोरी.
कातडी इतकी पातळ की लाल रंग आतूनच येतो.
व्हर्ना चिमटीत धरते,
तो मोजा उलटा करावा तसा
आपला घसा बाहेर फेकतो
आणि टोकाला चार काळे दात.
त्या दातांत तांबं असतं.
खरंच तांबं, देव्हाऱ्यातल्या पळीचं असतं तेच.
चिखलातून कण कण वेचून
कुठल्या भट्टीत ओतलं यानं,
मला अजून नीट उमगलेलं नाही.
व्हर्नाच्या अंगठ्यावर जुने डंख आहेत.
गांधीलमाशीसारखं ठणकतं, म्हणते,
पण हातमोजे नाही घालत:
"त्यात बोटं आंधळी होतात."

मालवणच्या शाळेत करंगुटकर सर
फळ्यावर वर्तुळाला वर्तुळ चिकटवत जायचे, खडू मोडेपर्यंत.
"वलयी संघ. कासाराच्या दोरीवरच्या बांगड्या आठवा.
बांगडीबांगडीत वेगळी मोरी, वेगळी नसांची गाठ,
पोट मात्र एकच, आरपार."
मग गांडूळ, मग जळू, मग सहामाही.
समुद्रातल्यांना पुस्तकात अर्धी ओळ होती.
त्या अर्ध्या ओळीत मी एकवीस वर्षं उभी आहे.

दुपारी भिंगाखाली तीच अर्धी ओळ वळवळते:
वाळूचा एकेक दाणा पारखून नळी बांधणारा गवंडी,
पाठीवर खवल्यांची कौलं घातलेला,
डोक्यावर पिसारा आणि सावली पडताच घरात गुडुप,
चार डोळ्यांचा, बिनडोळ्यांचा,
आणि एक, ज्याला नाव द्यायला
आमच्याकडे सध्या माणूस नाही.

एकदा डबा खाताना मी व्हर्नाला सांगितलं,
आमच्याकडे कणा नसलेल्या माणसाला गांडूळ म्हणतात.
ती थर्मासचं झाकण हातात धरून बराच वेळ हसली.
"मला आहे ना कणा. बत्तीस वर्षं दुखतोय."

तिच्या बटाट्याच्या वाफ्यात गांडुळं भरपूर.
ती म्हणते, आजोबांपासूनची आहेत.
मी सांगितलं, हिमनदीनं इथलं सगळं खरवडून नेलं,
ही नंतर आली, बोटींतून,
कुणाच्यातरी सफरचंदाच्या मुळांना चिकटून.
"म्हणजे आमच्यासारखीच," ती म्हणाली
आणि माझ्याकडे पाहून थांबली.
मी बटाटे उचलू लागले.

जूनमध्ये मात्र रक्तकिडे विकत नाहीत.
पोट विरघळतं, भूक जाते,
जन्मभर बिळात राहिलेला भर दुपारी पोहू लागतो,
आयुष्यात एकदाच,
आणि फुटतो. पाण्यात अंडी, पाण्यात सगळं.
काठाला रिकामी कातडी लागते,
व्हर्ना तिला भूत म्हणते.
तिचा नवरा गेला तोही जूनच,
पण ते ती चिखलात कधी बोलली नाही,
मला दुकानदार हॅसकेलनं सांगितलं.

आज दोनशे चौदा.
तळघरात हॅसकेल बोटांनी मोजतो, ओल्या शेवाळात गुंडाळतो.
एक अर्धा तुटलेला, तो घेत नाही.
व्हर्ना तो ओंजळीत धरून परत पुलापर्यंत चालते.
"वाढेल का गं पुन्हा?"

डोक्याकडचा तुकडा आहे. शक्यता कमी.
मी म्हणते, बघू.
पाणी घोट्यावर आलंय,
खणलेली भोकं बुजायला लागली आहेत,
आणि त्या अर्ध्यानं
तिचा अंगठा कडकडून चावला आहे.