एक जून

वाचनालयाच्या दारातला फळा
मी रोज ओल्या फडक्यानं पुसतो.
साखर पेठ जागी व्हायच्या आत
चार ओळींचा दिनविशेष.

१९४८ : पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली.
१९३० : मुंबई-पुणे, दख्खनची राणी पहिल्यांदा धावली.
त्याच दिवशी, त्याच साली
आमच्या सोलापुरात मार्शल लॉ होता,
डोक्यावरची पांढरी टोपीसुद्धा गुन्हा.
हे सगळं एका ओळीत मावत नाही.
खडू कुरकुरतो, मी थांबतो.

आणखी एक गोष्ट मी कधीच लिहीत नाही :
आज अर्ध्या पेठेचा वाढदिवस.

हविनाळे गुरुजी गल्लीत यायचे
छत्री आणि हजेरीची वही घेऊन.
"उजवा हात डोक्यावरून घाल. डावा कान धर."
धरला, की सहा वर्षं पूर्ण.
"जन्म कधीचा?"
माझी आई म्हणाली, रातपाळीचा भोंगा झाला,
कांड्या भरत होते, तशीच आडवी झाले.
दस्तगीरची अम्मी म्हणाली, मोहरमची नववी रात,
दारावरून सवारी चालली होती.
शिवलिंग मैंदर्गीच्या आजीला गड्ड्याची जत्रा आठवत होती,
नंदीध्वज होम मैदानाकडं निघालेले,
आणि सुईण गर्दीत अडकलेली.
गुरुजींनी सगळं मन लावून ऐकलं,
सुईणीचं तर पुन्हा विचारलं,
आणि तिघांच्या नावापुढं लिहिलं :
एक जून.

माझी बहीण नरसव्वा ओट्यावर विड्या वळत होती.
तिचा हात कानाला केव्हाच पोचला असता,
पण सुपातून तो उचलायचा कुणी?
पन्नास वर्षांनी आधारवाल्या पोरानं
अंदाजानं तिला एक जानेवारी दिली.
"बरीय की," ती म्हणाली,
"आदल्या रात्रीपासनं फटाके."

एकतीस मेला महापालिकेतून
आम्ही सतरा जण एकदम निवृत्त झालो.
हार कमी पडले.
दस्तगीरच्या गळ्यातला काढून माझ्या गळ्यात,
माझा काढून शिवलिंगच्या.
फोटोत तिघांच्याही हारात
तोच एक मोडका झेंडू.

दस्तगीर गेला गेल्या वर्षी,
ह्याच बाकावर, दुपारी चारच्या उन्हात.
मांडीवर पेपर,
शब्दकोड्यातलं आडवं सात मोकळं.
मला वाटलं, विचार करतोय.

दाखल्याच्या खिडकीतल्या मुलीनं
कागद दोनदा उलटसुलट केला.
"काका, जन्म आणि मृत्यू, दोन्हीकडं एक जूनच पडलंय.
एक तारीख चुकली असेल बघा."
म्हटलं, चुकलीय.
कुठली, ते तिनं विचारलं नाही.
कॉम्प्युटरला दोन्ही चालत होत्या.

फळ्यावर एका ओळीची जागा उरलीय.
वर तारीख आहेच,
तरी खाली पुन्हा लिहितो,
गुरुजींच्या अक्षरासारखी, उजवीकडं कललेली.
दूधवाला सायकल टेकवून वाचतो.
"ओ सर, तारीख दोनदा झाली की."
"असू दे," म्हणतो मी,
आणि हात झटकतो.