पान्हा

विषय दिला: पहाट. दहा गुण.
बेचाळीस वह्यांतल्या एकेचाळीस वह्यांत
पूर्वेला केशरी रंगाची उधळण,
पाखरांचा किलबिलाट, मंद झुळूक,
सगळं मीच फळ्यावर दिलेलं.
मुद्दे, विस्तार, समारोप.

बेचाळिसावी पिराजी गवळ्याची. दोनच ओळी.
'पहाटं म्हशी गंगावेशीत नेतो.
म्हस पान्हा सोडत न्हाई तवर कुणी बोलायचं न्हाई.'
मी 'तवर'भोवती लाल गोल केला,
दोन्ही 'न्हाई'भोवती दोन,
आणि खाली लिहिलं: अपूर्ण. चार.

परवा संध्याकाळी गंगावेशीतनं घरी येताना
तो दिसला, चरवी गुडघ्यांत धरून.
गिऱ्हाइकं कट्ट्याशी पेले घेऊन गप्प उभी.
मीही थांबले.
म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं
आणि धार तुटली.
"चोरती बाई," तो हळूच म्हणाला,
"अनोळखी माणूस दिसलं की.
जरा मागं सरता?"

सरले. पानपट्टीच्या आडोशाला.
मग चरवीतला आवाज,
आधी पातळ, मग जाड,
मग फेसात बुडत गेलेला.
पेला त्यानंच आणून दिला, कोमट.
पैसे घेतले नाहीत.

रात्री वही पुढ्यात घेतली, माझी स्वतःची.
विषय तोच.
वीस वर्षं शिकवतेय मी हे.
पेन टेकवलं आणि आपोआप उमटलं
पूर्वेला केशरी

तिथंच खोडलं.
लाल पेन पर्समध्ये, पर्स दाराआड.
खोलीत आता कुणी नाही.
तरी येत नाही.