बारा फूट, चार बोटं

उद्यमनगरात, लेथच्या शेडमागं
दस्तगीर शिकलगारांनी बांधला हा ट्रेलर.
चॅनेल भंगारातलं, आस जुन्या मेटॅडोरचा,
चाकं एवढीशी, की जीप वर चढली
तेव्हा पाटावर हत्ती बसवल्यासारखं दिसलं.

चाचांनी जीप थोडी पुढं घेतली, थोडी मागं,
हुकावर स्वतः उभं राहून
गुडघ्यांनी वजन जोखलं.
"ओझं जरा म्होरंच पायजे.
मागं गेलं की शेपूट गाडी चालवतंय,
तू नुसता बघत बसशील."
मग तंबाखू मळत, जणू आत्ताच आठवलं तसं :
"शंभर किलोमीटरला थांबायचं. हबवर हात ठेवायचा.
हात टिकला तर चहा.
न्हाई टिकला तर ग्रीस."

जैसलमेर. दीड हजार जायचं, दीड हजार यायचं.
रणवरे मालक विमानानं.

किणी टोलवर पोरानं विचारलं, बिघडलीया का?
म्हटलं, न्हाई. बिघडू नये म्हणून नेतोय.
तो हसला.
मी कराडपर्यंत विचार करत राहिलो
की नेमकं काय सांगितलं आपण.

कड्यावर चढणारी गाडी. गळ्यापर्यंत पाण्यात जाणारी,
धुराडं वर काढून, म्हशीनं नाक काढावं तशी.
आणि माझ्या आरशात ती पट्ट्यांनी चौकडं बांधलेली,
गुळगुळीत हायवेवर
साठच्या वेगानं काहीही न करता चाललेली.
खड्डा आला की मान हलवायची,
जसं काही मी बोलतोय ते पटतंय.
मी बोलत होतोच. चौथ्या दिवशी कोण बोलत नाही?

रात्री चाचांचा फोन यायचा.
जेवलास का नाही, कुठं झोपणार नाही.
"हात टिकला?"
टिकला चाचा.
"बरं." आणि कट.

वाळूत दोन दिवस मालक चालवत होते.
मी सावलीत, रिकाम्या ट्रेलरवर आडवा.
लांबून टेकडीच्या पलीकडं इंजिन ओरडायचं,
आवाज ओळखीचा नव्हता.
दीड हजार किलोमीटर मागं बसून
ती एकदाही असं बोलली नव्हती.

परतताना जीप त्यांच्याच पोरांनी चढवली.
घाईत, विमानाची वेळ.
पालनपूरच्या अलीकडं उतार लागला
आणि आरशात जीप डावीकडं गेली, मग उजवीकडं,
मग मीही डावीकडं, मग उजवीकडं.
ब्रेकवर गेलेला पाय कसा उचलला, माहीत नाही.
स्टेअरिंग नुसतं धरून ठेवलं,
रडणाऱ्या पोराचा हात धरावा तसं, न ओढता.
शेपूट हळूहळू दमलं.

कडेला थांबलो. पाणी प्यालो. पट्टे सोडले.
जीपमध्ये बसलो, पहिल्यांदा.
सीटवर वाळू, स्टेअरिंगवर दुसऱ्याच्या हाताचा घाम.
चावी फिरवली, क्लच सोडला,
चार बोटं पुढं.
बंद.

पंचगंगेचा पूल पहाटे आला.
चाचा शेड उघडून उभे होते, मफलरात.
माझ्याकडं बघितलं नाही.
वाकून आधी डाव्या हबवर तळवा ठेवला,
मग उजव्या. बराच वेळ.
वासरू तापलंय का बघतात तितका वेळ.

"उतरव," म्हणाले.
"मालकांना फोन करू?"
"झोपलं असतील. तूच उतरव."

फळ्या लावल्या. रिव्हर्स टाकला.
मान वळवून, इंच इंच, मागं,
मागं,
आणि चारी चाकं एकदम जमिनीवर आली.
लेथच्या काळ्या बुऱ्यावर
पिवळी वाळू झरत राहिली थोडी.

"कशी चालतीया?" चाचांनी विचारलं.
मी ट्रेलरची लांबी नजरेनं मोजली.
"बारा फूट," म्हटलं, "आणि चार बोटं.
तेवढी लई भारी चालतीया."