तीन बाय चार

तीनशे चौदा पानं. तळटीपा वेगळ्या.
आता विद्यापीठ म्हणतं, तीन बाय चारचं एक पोस्टर करा,
सामान्य माणसाला बघताक्षणी कळलं पाहिजे.
सामान्य म्हणजे कोण, ते परिपत्रकात नाही.

माझा विषय : हळदीच्या सौद्यातली बोटांची बोली.
रुमालाखाली हातात हात
आणि वर दोन चेहरे, पावसापाण्याचं बोलणारे.
एक बोट दाबलं की शंभर. किंवा हजार.
समोर कुठलं पोतं फोडलंय त्यावर ते.
पेरावर नख टेकलं की अर्धा.
चार वर्षं मी हे लिहून काढलं
आणि लिहिता लिहिता त्याला
चिन्हव्यवस्था म्हणायला लागले.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, एखादा पाय-चार्ट टाक ना.
कशाचा टाकू?
किती टक्के गप्प?

गावभागात कुबेर चौगुलेचं फ्लेक्सचं दुकान आहे.
वाढदिवस, उरूस, भावपूर्ण श्रद्धांजली,
सगळं एकाच मशीनमधून ओलं ओलं बाहेर येतं.
तो म्हणाला, मॅडम, अक्षरं निम्मी करा.
केली.
अजून निम्मी.
दर खेपेला एक प्रकरण गेलं.
पेठेच्या इतिहासाचं अख्खं तिसरं प्रकरण
शेवटी एका बाणात मावलं.
वाईट वाटलं. थोडं हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यानं विचारलं, आतलं दाखवायचंय ना?
रुमालाची ऑपॅसिटी चाळीसवर आणतो.
आणली.
रुमालातून दोन पिवळे हात लख्ख दिसायला लागले.
फार सुंदर दिसत होतं.
तेव्हाच शंका यायला हवी होती.

मार्केट यार्डात, वजनकाट्याशेजारी,
सुतळीनं खांबाला बांधलं.
हळकुंडं निवडणाऱ्या बायकांनी विचारलं, कुणाचं लगीन?
एक कारकून म्हणाला, आजचा भाव कुठं लिहिलाय?
मी समजावत राहिले.
समजावताना माझी अक्षरं पुन्हा दुप्पट होत गेली.

दस्तगीरमामा अत्तार, पूर्वीचे दलाल.
आता सौदे नाहीत, तरी रोज येऊन बसतात.
ते बराच वेळ उभे राहिले फ्लेक्ससमोर,
चष्मा वर, चष्मा खाली.
"चित्र झ्याक हाय. पर रुमाल कुठाय?"
म्हटलं, हा काय. पारदर्शक केलाय, लोकांना कळावं म्हणून.
"समद्यास्नी दिसाय लागलं,
तर मग हात कशाला धरायचा, बाई?"

खांद्यावरचा पंचा काढला.
"द्या हात."
वर ते नातीच्या बारावीचं सांगत होते,
फिजिक्सचा पेपर कसा अवघड गेला वगैरे,
आणि खाली माझी दोन बोटं धरली,
एक सोडलं,
पेरावर नख.
"किती?"

चुकले.
पुन्हा धरली. पुन्हा चुकले.
तीनशे चौदा पानांत मी कधी कुणाच्या हातात हात दिलाच नव्हता.
मुलाखतींत आमच्या मध्ये
टेबल असायचं, आणि टेबलावर रेकॉर्डर.
बरोबर आकडा किती होता, त्यांनी सांगितलं नाही.
हसले नुसते. पंचा झटकला.
माझ्या मनगटापर्यंत हळद.

कुबेरनं दुसरा फ्लेक्स काढला. रुमाल शंभर टक्के.
एक ओळ मजकूर : हात घाला.
मधोमध भोक, मागून कापड शिवलेलं.
भोक पाडायचे साठ रुपये जादा लावले त्यानं,
असलं काम आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणाला.

विद्यापीठाच्या हॉलमध्ये माझ्या डाव्या बाजूला दुष्काळाचे आलेख,
उजवीकडे ओव्यांचा रंगीत नकाशा.
फ्लेक्सच्या मागं स्टुलावर दस्तगीरमामा,
इस्त्रीचा सदरा घालून.
परीक्षक सर आले. कागदावर रकाने होते :
मांडणी, रंगसंगती, सुबोधता.
म्हणाले, यात दिसत तर काहीच नाही.
म्हटलं, हो सर.

पेन खिशाला लावलं त्यांनी.
बाही दुमडली.
हात आत घातला, आणि तोंडानं मला विचारत राहिले,
सांगलीहून किती वाजता निघालात, रस्ता कसा आहे,
मग त्यांचं वाक्य मध्येच थांबलं.

मागं रांग लागली होती.
त्यांनी हात काही बाहेर काढला नाही.