तोल

कुपवाडच्या एमआयडीसीत, फाउंड्रीमागच्या शेडमध्ये
श्रेणिक मगदूमचं विमान उभं होतं तीन चाकांवर.
नऊ वर्षं रात्रपाळीनंतर ठोकलेलं, शिवलेलं, रंगवलेलं.
आता त्याचं वजन करायचं होतं.
मला बोलावलं, कारण मार्केट यार्डात
एकतीस वर्षं मी हळदीची पोती तोलतोय.

काटे बघून हसू आलं.
काचेचे तीन, गणपती पेठेतले, नऊशेला एक;
माणसं सकाळी उपाशीपोटी चढतात
आणि नाराज होऊन उतरतात, तसले.
म्हटलं, स्वस्त काटा चालतो,
कितीनं चुकतो तेवढं ठाऊक पाहिजे.

टेम्पोतून शिक्क्याची वजनं आणली होती, वीस-वीसची पाच.
एकेक चढवत गेलो.
लाभ. दोन. तीन. चार. पाच.
वही धरून बसलेली त्याची भाची पद्मल म्हणाली,
एक कुठं गेला?
पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, पोरी.
तिनं लिहिलं : लाभ – वीस किलो शंभर.

एक काटा शंभराला चारशे ग्रॅम चढा निघाला.
एक खरा.
तिसरा दर वेळी नवंच बोलायचा, त्याला भिंतीकडं तोंड करून ठेवला.
रविवार, दुकान बंद.
मग तिसऱ्या चाकाखाली काट्याच्या उंचीचा बाभळीचा ठोकळा,
आणि काटे आळीपाळीनं फिरवायचे.
वरच्या फळ्या आधीच तोलल्या; आमच्याकडं बारदान वजा करतात तसंच.
फळीवर दोन पत्रे, मध्ये ग्रीस,
चाक आडवं रेटून काट्याला फसवू नये म्हणून.
शेपटीखाली विटा, पाणसळीचा बुडबुडा मधोमध.

पंखा बंद केला. शटर ओढलं.
तरी फटीतून झुळूक आली आणि आकडा दोनशे ग्रॅमनं उतरला.
यार्डात हळद कधी वाऱ्यानं हलकी होत नाही.

डावं एकशे चार, उजवं एकशे सहा, पुढचं अठ्ठेचाळीस.
दोनशे अठ्ठावन्न.
त्याच्या कागदावर दोनशे सत्तेचाळीस होते.
श्रेणिक बराच वेळ पिवळ्या रंगाकडं बघत राहिला.
तीन हात दिले होते. चौथा पद्मलच्या हट्टानं.

अकरा किलो गायब करायला मला काय लागतं,
हे मी कुणाला सांगत नाही. पायाचा अंगठा पुरतो.
व्यापारी नुसते खाकरायचे, मला समजायचं.
तो म्हणाला, आलंय तसंच मांडा, मामा.
वर कडता नाही.

मग टेप घेऊन चाकांची अंतरं मोजली, गुणाकार केले,
मला समजावू लागला :
वजन किती, यापेक्षा ते कुठं आहे ते महत्त्वाचं.
मी मान हलवली.
पोतं पाठीवर चार बोटं खाली सरकलं
की तेच पोतं गुडघे मोडतं.
हे गणित माझ्या मणक्यात आहे, फक्त वहीत नव्हतं.

शेवटी म्हणाला, आता तुम्ही आत बसा.
सीटचा हिशेब राहिलाय, तोललेला माणूस लागतो.
काट्यावर उभा राहिलो. अठ्ठावन्न चारशे.
काट्याच्या या बाजूला मी कधी आलोच नव्हतो.

चप्पल काढून आत बसलो.
हलू नका, मामा. श्वाससुद्धा बेतानं.
समोर शटर, शटरवर कुणाचा तरी जुना फोन नंबर.
खाली माझं वजन तीन चाकांत वाटलं जात होतं
आणि पाठीवर काहीच नव्हतं.
पुढच्या चाकाशी पद्मल वाकली,
चष्मा पुसून आकडा बघितला,
म्हणाली, लाभ.