मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

विषय क्रमांक एक नेहमी हाच असतो.
कुणी वाचलेलं नसतं. तरी हात वर होतात
आणि मागची सभा कायम होते.

बावीस वर्षं मी इथं बसते, टेबलाच्या टोकाला,
फ्लोरिडाच्या दक्षिणेला, तळ्यापासून सोळा मैलांवर.
पूर्वी ह्या विद्यापीठाच्या मंडळावर
एक गुरांची डॉक्टरीण होती,
आणि डेल्बर्ट फूटमन, संत्र्यांच्या बागावाला,
ज्याला माळ्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांची नावं पाठ.
करंडी आणायचा. सभाभर सालीचा वास.

आता पाट्या बदलल्या.
माजी सिनेटर वेंडेल थार्प, अध्यक्ष.
माजी सभापती. माजी महसूलवाले. माजी, माजी.
माजी म्हणजे खुर्ची गेली,
बसायची सवय नाही गेली.

ऑगस्ट लेक्लेअर तेवढा आजी आहे.
तीस वर्षं साखर महासंघासाठी
राजधानीतल्या गुळगुळीत फरशीवर उभा राहून
आमदारांच्या कोपराला हात लावत बोलला,
खालच्या आवाजात. इथंही तोच आवाज.
साखरपेरणी म्हणजे काय,
ते त्याच्याकडे बघून कळतं.

नोव्हेंबर ते मार्च उसाचं पाचट जाळतात.
माझ्या दोरीवरच्या चादरींवर काळं पडतं,
झटकायचं नाही, फुंकायचं, नाहीतर रेघ उमटते.
हे सगळ्या गावाला माहीत आहे.
मंडळातलं कुणी गावात राहत नाही.

विषय क्रमांक नऊ:
माती व पाणी प्रयोगशाळा, खर्चात बचत.
डॉक्टर इमोजीन पेटवे यांना तीन मिनिटं.
ती बोललीच नाही फारशी.
पिशवीतून काचेची बरणी काढली,
लोणच्याची असावी, लेबल अर्धवट खरवडलेलं,
आणि अध्यक्षांच्या समोर ठेवली.
तळ्याचं पाणी. हिरवं,
वाटलेल्या पालकासारखं, जड.
म्हणाली, आज सकाळचं आहे.
म्हणाली, माझी दोन मिनिटं उरली आहेत,
त्यात तुम्ही हे बघा.

दोन मिनिटं फार असतात.
एसीचा आवाज येत होता.
कुणीतरी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
ऑगस्टनं आपला कॉफीचा कप
जरासा अलीकडे ओढला.
बस, एवढंच. पण ओढला.

ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर.
बारावे सदस्य फोनवर होते,
बाहेर, लॉबीत.

नंतर थार्प माझ्यापाशी आले.
माणूस वाईट नाही, लिहून ठेवते;
माझा रस्कस गेला तेव्हा हेच भर उन्हात
दफनाला शेवटपर्यंत उभे होते, टोपी हातात धरून.
म्हणाले, मिस व्हर्डी, ती बरणी
इतिवृत्तात नको. ती काही चर्चा नव्हती.
मी म्हटलं, बरं.

चर्चा नव्हतीच ती. खरंच.
म्हणून मी ती चर्चेत घातली नाही.
पार्किंगच्या दरवाढीखाली,
माजी अध्यक्षांच्या तैलचित्राच्या बिलावर,
जमा वस्तूंच्या रकान्यात लिहिलं:
काचेची बरणी, एक. तळ्याचे पाणी.
रंग हिरवा. झाकण घट्ट.
सदस्यांनी दोन मिनिटे पाहिले.
कप एक, सहा इंच सरकवण्यात आला.

महिनाभर ती माझ्या कपाटावर होती.
तळाला गाळ बसला, वर पाणी निवळलं,
इतकं, की एखाद्याला स्वच्छ वाटावं.
मी रोज सकाळी एकदा हलवायची.

मग पुढची सभा. विषय क्रमांक एक.
बत्तीस पानांचा गठ्ठा प्रत्येकासमोर,
कोपरे कोरे करकरीत.
थार्प म्हणाले, काही दुरुस्ती?
मी पेन उचलून थांबले.
खिडकीच्या काचेवर राख येऊन टेकत होती,
एक, मग आणखी एक.

सगळ्यात आधी हात वर झाला
तो ऑगस्टचा.